तक्रार करू नये म्हणजे नेमकी कोणापाशी आणि कशाची करू नये?

सायमा
माझ्या फुफींना (आत्यांना) बरीच वर्षे संधिवाताचा त्रास आहे. हाताची बोटे वाकडी झाली आहेत, वुजूसाठी (नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी) पाण्याचा लोटा उचलायचा तर दोन्ही तळव्यांत धरावा लागतो आणि सकाळी मुठी सुटायलाच बराच वेळ जातो. असे असूनही तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी कसे आहे म्हणून विचारले, की त्या ‘अल्हम्दुलिल्लाह, बरे आहे’ एवढेच सांगतात. डॉक्टर तेच कागदावर उतरवून घेतात आणि मागच्याच गोळ्या पुढे चालू राहतात. घरी आल्यावर विचारले तर त्यांचे उत्तर ठरलेले असते: दुखणे अल्लाहने दिलेले आहे, त्याचे गाऱ्हाणे परक्यापुढे मांडले की सब्राचा (धीर धरण्याचा) सवाब, म्हणजे पुण्य, जाते. भेटायला येणाऱ्या शेजारणीही हेच सांगतात. किंबहुना त्यांनीच हे फुफींच्या मनात पक्के केले असावे, असा माझा संशय आहे.

‘नाशुक्री (कृतघ्नपणा) करू नकोस’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकले आहे. उन्हाबद्दल कुरकुर केली तरी तेच, आणि घरातला कर्ता माणूस गेल्यावर ‘आमच्याच वाट्याला का’ असे तोंडून निघाले तरी तेच. नशिबाविषयी तक्रार करू नये ही शिकवण कुरआनात आणि हदीसमध्ये (पैगंबरांची वचने आणि प्रसंग यांच्या नोंदींत) नेमकी कशी आली आहे, तिची हद्द कुठपर्यंत आहे, आणि डॉक्टरांना, घरच्यांना, मैत्रिणीला किंवा प्रत्यक्ष अल्लाहला आपले दुःख सांगणे त्या हद्दीत बसते की नाही, हे मला समजून घ्यायचे आहे. ही शिकवण आपल्यापर्यंत अर्धीच पोहोचली आहे असे माझे मत आहे. पण नुसत्या मताने फुफी ऐकणार नाहीत, म्हणून जाणकारांनी आधारासह लिहावे. मुस्लिमेतर सदस्यांनीही अवश्य लिहावे.

अडाणी_प्रश्न
हे केवळ तुमच्याकडेच आहे असे नाही, सायमाताई. आमचे आजोबा अतिदक्षता विभागात नळ्या लावलेल्या अवस्थेतही ‘ठीक चालले आहे’ असेच सांगत होते आणि त्यामागे कोणताही धर्मग्रंथ नव्हता. जाणकारांची वाट पाहतो.

हबीब_दापोली
सायमा बेटी, प्रश्न चांगला विचारलास. मी आलिम (धर्मपंडित) नाही, निवृत्त शिक्षक आहे. पण जे वाचले आहे ते मांडतो.

सुरुवात हजरत याकूब यांच्यापासून करावी लागते. त्यांच्या यूसुफ या मुलाला लांडग्याने खाल्ले असे सांगत इतर मुलांनी खोटे रक्त लावलेला सदरा पुढे केला, तेव्हा ते ‘आता उत्तम सब्रच’ असे म्हणाले (कुरआनातली सूरह म्हणजे अध्याय १२, आयत म्हणजे वचन १८). दुसरा मुलगाही दुरावल्यावर त्यांनी तेच शब्द पुन्हा उच्चारले (१२:८३). मात्र त्याच्या पुढच्याच आयतीत कुरआन सांगते, की शोकाने त्यांचे डोळे पांढरे झाले होते. मुलांनी ‘आपण यूसुफची आठवण काढता काढता स्वतःला संपवणार’ असे म्हटल्यावर त्यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: मी माझ्या व्यथेची आणि दुःखाची तक्रार केवळ अल्लाहपाशी करतो (१२:८६). म्हणजे उत्तम सब्र, डोळे जाईपर्यंतचे रडणे आणि तक्रार या तिन्ही गोष्टी एकाच पैगंबराच्या ठिकाणी, एकाच सूरहमध्ये आल्या आहेत, आणि त्यांत कुरआनाला विसंगती वाटलेली नाही.

हजरत अय्यूब यांचेही तसेच. ‘मला पीडेने ग्रासले आहे आणि तू दयाळूंमधला सर्वांत दयाळू आहेस’ (२१:८३) ही त्यांची हाक उघडउघड दुःखाचे कथन आहे, आणि तरीही अल्लाह त्यांच्याविषयी ‘आम्हाला तो सब्र करणारा आढळला’ असे म्हणतो (३८:४४).

आता तुझ्या फुफींच्या थेट कामाची गोष्ट. इमाम बुखारींच्या हदीससंग्रहात आजाऱ्यांविषयीचा स्वतंत्र भाग आहे, आणि त्यातल्या एका प्रकरणाचे शीर्षकच असे आहे, की ‘मला वेदना होत आहेत’, ‘हाय माझे डोके’, ‘माझे दुखणे बळावले आहे’ असे म्हणण्याची आजाऱ्याला मुभा आहे. त्या शीर्षकातच त्यांनी हजरत अय्यूब यांचे वरचे वाक्य आधार म्हणून जोडले आहे. प्रकरणात पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांची गोष्ट येते. डोके दुखत असल्याने त्या ‘हाय माझे डोके’ म्हणाल्या. पैगंबर (स.) म्हणाले, की माझ्या हयातीत तुला काही झाले तर मी तुझ्यासाठी क्षमा मागेन आणि दुवा करीन. त्यावर त्या उसळून म्हणाल्या, की तुम्हाला मी मरावे असेच वाटते असे दिसते. तसे झाले तर त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही दुसऱ्या पत्नीसोबत असाल! तेव्हा पैगंबर (स.) म्हणाले, ‘तुझे कसले, माझेच डोके!’ कारण त्यांचेही डोके दुखत होते.

परिचारिका
हबीब काका, हा प्रसंग आमच्या वॉर्डाच्या भिंतीवर लावावा असे वाटले.

मी शासकीय रुग्णालयात काम करते. आम्ही रुग्णाला शून्य ते दहा या पट्टीवर वेदना सांगायला लावतो, आणि वयस्कर स्त्रियांचे उत्तर, धर्म कोणताही असो, बहुधा दोन किंवा तीनच्या पुढे जात नाही. त्यामुळे मी तो प्रश्न विचारणेच सोडून दिले आहे. रात्री किती वेळा जाग आली, वेणी स्वतः घालता आली का, पोळी लाटताना लाटणे मध्येच खाली ठेवावे लागले का, असे विचारले की खरी माहिती मिळते. कारण त्यांना ते गाऱ्हाणे वाटत नाही, दिनक्रम वाटतो. सायमा, फुफींसोबत आत जाता येत असेल तर हे तपशील तुम्ही स्वतः सांगा.

मिरजकर
हबीब साहेबांनी दिलेले आधार योग्य आहेत, परंतु चित्र एकाच बाजूने रंगू नये म्हणून लिहितो. दुःख सांगण्याची मुभा आहे हे मान्य. मात्र मुभा हा आदर्श नव्हे. इमाम अहमद बिन हंबल त्यांच्या अखेरच्या आजारात कण्हत होते. ताऊस हे जुन्या पिढीतले विद्वान आजारपणात कण्हणे नापसंत करीत असत, असे कोणीतरी त्यांना सांगितले. त्यानंतर इमामांनी प्राण जाईपर्यंत कण्हण्याचा आवाज काढला नाही. ही गोष्ट बगदादची, इ. स. ८५५ मधली.

कबरीपाशी रडणाऱ्या स्त्रीची हदीसही विसरू नये. पैगंबर (स.) जवळून जाताना ‘अल्लाहचे भय बाळग आणि सब्र कर’ म्हणाले. तिने त्यांना ओळखले नाही आणि ‘बाजूला व्हा, माझ्यावर आले तसे तुमच्यावर आलेले नाही’ असे सुनावले. नंतर ते कोण होते हे कळल्यावर ती त्यांच्या दारी गेली, तेव्हा त्यांनी सांगितले, की सब्र तोच जो पहिल्या आघाताच्या वेळी केला जातो. काळाला शिव्या देऊ नका ही हदीस आहे, संकटामुळे मृत्यूची इच्छा करू नका ही आहे, ‘असे केले असते तर तसे झाले असते’ म्हणू नका ही आहे, गाल बडवणारा व कपडे फाडणारा आमच्यातला नाही हीही आहे. एवढ्या सगळ्या मनाईनंतर ‘सांगायला काहीच हरकत नाही’ असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते.

हबीब_दापोली
@मिरजकर, आपण दिलेल्या सर्व हदीस खऱ्या आहेत. पण त्यांत मनाई कशाची आहे ते एकेक करून पाहावे. काळाला शिवी ही त्या काळाच्या मालकाला पोहोचते म्हणून मनाई. गाल बडवणे ही इस्लामपूर्व अरबांची शोकाची रीत म्हणून मनाई. मृत्यूच्या इच्छेच्या हदीसमध्ये तर पुढेच पर्यायी दुवा दिली आहे, की जगणे माझ्या हिताचे असेतोवर मला जगव. ‘मला दुखते आहे’ या वाक्याला मनाई करणारी हदीस यांत एकही नाही.

इमाम अहमद यांच्या प्रसंगाविषयी: तो त्यांचा स्वतःशी असलेला काटेकोरपणा होता. कण्हणे मकरूह (धर्मदृष्ट्या नापसंत) आहे असे मानणाऱ्यांचे मत इमाम नववींनी दुबळे, किंबहुना निराधार ठरवले. एखादी गोष्ट मकरूह ठरवायची तर तिच्याविषयी स्पष्ट मनाई असावी लागते, आणि इथे ती नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. आम्ही कोकणातले लोक नववींच्याच शाफई या विधिपरंपरेचे असल्यामुळे नववींचा शब्द आमच्याकडे वजनदार असतो, ही गोष्ट वेगळी.

तर्कटराव
चर्चा अभ्यासपूर्ण आहे, पण मुळाशी कोणीच जात नाही. सर्व काही आधीच लिहिलेले असेल, तर माझी तक्रारही लिहिलेलीच आहे. मग ती केल्याबद्दल मला दोष कसा? आणि याहून महत्त्वाचे, ‘जे झाले ते तकदीर (दैव), तक्रार नको’ ही शिकवण सत्ताधाऱ्यांना नेहमीच सोयीची ठरत आली आहे. उमय्या खलिफांच्या काळात जुलमालाही दैवाचा मुलामा दिला जात असल्याचे आरोप तेव्हाच झाले होते, आणि माणूस आपल्या कर्माला स्वतः जबाबदार आहे असे मांडणाऱ्या गैलान दिमिश्की यांना खलिफा हिशामच्या कारकिर्दीत मृत्युदंड झाला. म्हातारीने डॉक्टरला दुखणे न सांगणे आणि रयतेने खलिफाला जुलूम न सांगणे या दोन गोष्टी मला एकाच वेलीची फळे वाटतात.

आस्मा_म
@तर्कटराव, गैलान यांचा उल्लेख योग्य आहे, पण तुम्ही मांडलेल्या आरोपाला कुरआनातच एक उत्तर आहे आणि ते एका सामान्य स्त्रीमुळे आले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

मदिनेत खौला बिन्त सालबा नावाची स्त्री होती. तिचे पती औस बिन सामित हे वयस्कर आणि तापट. एकदा रागाच्या भरात ते तिला ‘तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी आहेस’ असे म्हणाले. इस्लामपूर्व रूढीनुसार या वाक्याने पत्नी पतीला निषिद्ध होत असे, पण तिला दुसरीकडे जाण्याची मोकळीकही मिळत नसे. थोड्या वेळाने पतीचा राग उतरला आणि ते काही घडलेच नाही अशा थाटात जवळ आले, तिने मात्र निवाडा झाल्याशिवाय जवळ येऊ द्यायला नकार दिला आणि ती पैगंबरांकडे (स.) गेली.

तिथे तिला हवे ते उत्तर मिळाले नाही, कारण अशा प्रकरणात रूढीखेरीज दुसरा आदेश अजून उतरलेला नव्हता. तिने ते निमूटपणे मान्य केले का? नाही. ती पुन्हा पुन्हा आपली बाजू मांडत राहिली: माझे तारुण्य या माणसाच्या घरात गेले, आता माझे वय झाले, लहान मुले आहेत, ती त्याच्याजवळ ठेवली तर त्यांची आबाळ होईल आणि माझ्याजवळ ठेवली तर उपाशी राहतील. मग ती अल्लाहला उद्देशून बोलू लागली. हजरत आयशा त्याच घरात होत्या. त्यांनी नंतर सांगितले, की मी खोलीच्या कोपऱ्यात असूनही तिचे काही शब्द मला ऐकू येत नव्हते, आणि ते सात आसमानांपलीकडे ऐकले गेले. अठ्ठावन्नाव्या सूरहची पहिलीच आयत अशी उतरली, की जी स्त्री आपल्या पतीविषयी तुझ्याशी वाद घालत आहे आणि अल्लाहपाशी तक्रार करीत आहे, तिचे म्हणणे अल्लाहने ऐकले आहे. पुढच्या आयतींनी त्या रूढीला खोटी आणि निंद्य ठरवले, आणि असे बोलणाऱ्या पुरुषावर प्रायश्चित्त लादले: एक गुलाम मुक्त करणे, ते शक्य नसल्यास सलग दोन महिने रोजे, तेही शक्य नसल्यास साठ गरिबांना जेवण.

पतीने केलेला अन्याय हे माझे नशीब आहे असे खौलाने म्हटले नाही, आणि तू नशिबाविरुद्ध बोलतेस असे तिला कोणी ऐकवल्याचेही त्या वृत्तांतात नाही. शिवाय चौथ्या सूरहमध्ये स्पष्ट आहे, की वाईट गोष्ट उघडपणे बोलणे अल्लाहला आवडत नाही, परंतु ज्याच्यावर जुलूम झाला आहे तो अपवाद (४:१४८). सासरी मार खाऊन आलेल्या मुलीला ‘सब्र कर बेटी’ म्हणत परत पाठवणाऱ्या आमच्या नातेवाइकांनी ही आयत वाचलेली नसते, किंवा वाचून बाजूला ठेवलेली असते. माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत मी हे जवळून पाहिले आहे. तिला घेऊन बसलेल्या बैठकीत चहा फिरत होता, आणि प्रत्येक जण सब्राचा महिमा तिलाच समजावत होता. हात उगारणाऱ्याला सब्राविषयी कोणी एक शब्दही विचारला नाही.

मिरजकर
आस्माताई, जुलमाविरुद्ध बोलण्याला माझा विरोध मुळीच नव्हता. माणसाने केलेला अन्याय आणि आभाळातून आलेले संकट यांत फरक केलाच पाहिजे. माझा रोख दुसऱ्या प्रकारावर होता. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर रोज सकाळी ‘ऐ जिंदगी’ने सुरू होणारे रडगाणे टाकणारे माझे एक स्नेही आहेत, त्यांची प्रकृती, नोकरी आणि मुले अल्लाहच्या कृपेने उत्तम आहेत. त्यांना मुभेचे प्रकरण दाखवू नये एवढीच माझी विनंती आहे.

खाडीपलीकडचा
मिरजकरांनी ‘असे केले असते तर’ या हदीसचा उल्लेख मनाईच्या यादीत केला आहे. मला ती वेगळ्या प्रकारे भेटली, म्हणून लिहितो.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी आले, तेव्हा आमच्या दुकानाचा तळमजला पूर्ण बुडाला. पाणी ओसरल्यावर तांदळाची पोती फुगून फाटली होती, त्यांतून आंबूस वास येत होता, आणि उधारीच्या वह्या आम्ही दोरीवर चिमट्यांनी लावून वाळवत होतो. शाई उतरून पाने निळी झाली होती. त्या दिवसांत आमचा थोरला भाऊ एकच वाक्य म्हणत असे: रात्रीच माल माडीवर चढवला असता तर. जेवताना तेच, झोपताना तेच. मशिदीतले एक वृद्ध गृहस्थ चिखल काढायला आले होते. त्यांनी त्याला ती हदीस पूर्ण सांगितली. तिच्यात आधी असे येते, की जे तुझ्या हिताचे आहे त्यासाठी झट, अल्लाहची मदत माग आणि हतबल होऊ नकोस. त्यानंतर येते, की तरीही काही ओढवले तर ‘असे केले असते तर’ म्हणू नकोस, ‘अल्लाहने ठरवले, त्याने इच्छिले ते केले’ असे म्हण, कारण ते ‘तर’ सैतानाला वाट उघडून देते. भावाला त्या दिवशी ते गप्प बसवणे वाटले नाही, सुटका वाटली. कारण चुकीचा हिशेब करणे थांबवायची परवानगी त्याला कोणी दिलीच नव्हती.

आणि हेही नोंदवतो, की ती हदीस सांगणाऱ्या त्याच गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी त्याला हाताला धरून पंचनाम्याच्या रांगेत उभे केले आणि आमच्या गल्लीची नावे वगळली गेली तेव्हा संबंधितांशी कडाडून भांडण केले. दैवाला दोष द्यायचा नाही आणि सरकारी यादीला मात्र सोडायचे नाही, असा त्यांचा खाक्या होता.

तर्कटराव
त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा. तरीही प्रश्न उरतोच: पूर जर अल्लाहने ठरवलेला असेल, तर रांग कशासाठी?

हबीब_दापोली
@तर्कटराव, हाच प्रश्न दुसरे खलिफा हजरत उमर यांना विचारला गेला होता. ते शामकडे (सीरियाकडे) निघाले असताना वाटेत सरग येथे बातमी आली, की तिकडे प्लेग पसरला आहे. सल्लामसलतीनंतर त्यांनी परत फिरण्याचे ठरवले, तेव्हा सेनापती अबू उबैदा यांनी विचारले, की अल्लाहच्या तकदीरीपासून पळता का? उमर म्हणाले, ‘होय, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरीपासून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे पळत आहोत.’ पुढे त्यांनी विचारले, की तुझे उंट अशा खोऱ्यात उतरले की जिथे एक कड हिरवी आहे आणि दुसरी उजाड, तर हिरव्या कडेला चारलेस तरी ते अल्लाहच्या तकदीरीनेच आणि उजाड कडेला चारलेस तरी तकदीरीनेच, नाही का? ‘औषधोपचार करा’ ही हदीसही याच चालीची आहे. तुमचे पूर्ण समाधान होईल असे मी म्हणत नाही. मुतजिला आणि अशअरी या दोन विचारपंथांचे या प्रश्नावर शतकानुशतके भांडण चालले, ते या धाग्यावर मिटणार नाही.

डोंगरीचा
मी मुंबईत इमामवाड्याच्या परिसरात वाढलेला शिया आहे. वर गाल बडवण्याच्या हदीसचा उल्लेख आला, म्हणून आमची बाजू थोडक्यात मांडतो. इ. स. ६८० मध्ये करबल्यात इमाम हुसैन शहीद झाल्यानंतर त्यांचे पुत्र इमाम जैनुल आबिदीन आयुष्यभर रडत राहिले, आणि किती रडाल असे कोणी म्हटल्यावर ते हजरत याकूब यांचाच दाखला देत, असे आमच्याकडे सांगितले जाते. आमच्या दृष्टीने तो शोक तकदीरीविरुद्धची तक्रार नाही. तो जुलूम करणाऱ्यांविरुद्धची साक्ष आहे, आणि आस्माताईंनी दिलेली आयत तिथेही लागू पडते.

याच इमामांच्या नावावर असलेल्या एकांतातल्या प्रार्थनांमध्ये एक प्रार्थना चक्क ‘तक्रार करणाऱ्यांची’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात तक्रार कोणाची आहे ते पाहण्यासारखे आहे: गरिबीची नाही, आजाराची नाही, तर दुष्कृत्याकडे ओढणाऱ्या स्वतःच्या मनाची, दगडासारख्या झालेल्या काळजाची आणि कोरड्या डोळ्यांची. रडू येत नाही याची तक्रार अल्लाहकडे करणारी ती प्रार्थना आहे.

मिरजकर
मातमविषयी (छाती बडवून केलेल्या शोकाविषयी) आमचे मत वेगळे आहे हे आपणास ठाऊकच आहे. पण कोरड्या डोळ्यांची तक्रार मनाला लागली.

संपादक
पंथभेदावर स्वतंत्र धागे पूर्वी झाले आहेत आणि त्यांचे काय झाले हे सर्वांना आठवत असेल. इथे मूळ विषय चालू ठेवावा.

उत्तररात्र
वारकरी घरातला असल्याने एक शंका विचारतो. आमचे संत विठोबाशी सरळ भांडतात, त्याला निष्ठुर म्हणतात, जनाबाई तर त्याला शिव्याही देतात, आणि ते भक्तीचेच रूप मानले जाते. इस्लाममध्ये असे भांडण संभवते का, की तिथे विनवणीच्या पुढे जाताच येत नाही?

खाडीपलीकडचा
@उत्तररात्र, शरीअतच्या चौकटीत विनवणीच. पण कवितेने ती चौकट बरीच ताणली आहे. निशापूरच्या अत्तारांच्या फारसी काव्यात वेडसर फकिरांच्या कितीतरी गोष्टी आहेत. ते भूक, थंडी आणि फाटके कपडे यांवरून अल्लाहला तोंडावर खडे बोल सुनावतात, आणि वेड्याला सगळे माफ या न्यायाने कवी त्यांना बोलू देतो. उर्दूत इक्बाल यांचे ‘शिकवा’ सर्वांना माहीत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लाहोरात ते वाचले गेले, त्यात मुस्लिमांच्या दुरवस्थेबद्दल थेट अल्लाहलाच जाब विचारला होता आणि त्यावरून बरेच लोक नाराज झाले. काही वर्षांनी त्यांनी अल्लाहच्या बाजूने उत्तरही लिहिले. माझ्या मते उत्तरापेक्षा तक्रारच अधिक चांगली उतरली आहे, पण हे मी मशिदीच्या आवारात बोलत नाही.

नाव_नको
मी या स्थळावर फारशी लिहीत नाही. माझे बाळ आठव्या महिन्यात गेले. मय्यतीच्या घरात मला सांगितले गेले, की रडू नकोस, तुझ्या रडण्याने त्याला तिकडे त्रास होईल. त्या वाक्याचे ओझे मी अजून बाळगते आहे. ते खरे आहे का, एवढेच कोणी सांगाल का?

आस्मा_म
नाही, ताई. ज्यावरून असे सांगितले जाते ती हदीस, घरच्यांच्या रडण्याने मृताला शिक्षा होते अशा आशयाची, हजरत उमर आणि त्यांच्या पुत्राकडून आलेली आहे. आणि हजरत आयशांनी ती ऐकताच, ऐकण्यात काहीतरी चूक झाली आहे असे सांगत ‘कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही’ ही कुरआनची आयत पुढे केली होती. हा मतभेद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत नोंदलेला आहे. ज्या विद्वानांनी ती हदीस स्वीकारली, त्यांतल्या बहुतेकांनीही तिचा अर्थ मृताने स्वतः आक्रोश करायला सांगून ठेवला असेल तर, असा मर्यादित केला. आपल्या तान्ह्या बाळाचा यात कुठेही संबंध येत नाही.

आणि पैगंबरांचा (स.) स्वतःचा मुलगा इब्राहीम, दोन वर्षांचाही नव्हता, त्यांच्या मांडीवर अखेरचे श्वास घेत असताना त्यांचे डोळे वाहू लागले. अब्दुर्रहमान बिन औफ यांना आश्चर्य वाटले, ‘आपणही?’ त्यांनी उत्तर दिले, की ही दया आहे. डोळे रडतात, काळीज दुःखी होते, आणि आम्ही तेच बोलतो ज्याने आमचा रब राजी होईल. इब्राहीम, तुझ्या जाण्याने आम्ही दुःखी आहोत. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले, तेव्हा लोक म्हणू लागले की बाळासाठी सूर्यही काळवंडला. त्या अवस्थेतही त्यांनी लोकांना थांबवले, की सूर्य आणि चंद्र कोणाच्या मरण्या-जगण्यासाठी ग्रासले जात नाहीत.

आपण रडा, ताई. हवे असल्यास मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

मिरजकर
आस्माताईंशी शब्दशः सहमत. अल्लाह आपल्याला आणि आपल्या बाळाला जन्नतमध्ये एकत्र आणो.

सायमा
सर्वांचे आभार. मी बुखारींचे ते प्रकरण फुफींना वाचून दाखवले. हजरत आयशांच्या डोकेदुखीवर त्या हसल्या, पण लगेच म्हणाल्या, की ते पैगंबरांचे घर होते, तिथे सगळे शोभते. खौलांची गोष्ट मात्र त्यांनी दोनदा ऐकली. पुढच्या तपासणीला मी सोबत आत जाणार आहे, परिचारिकाताईंनी सांगितल्याप्रमाणे टिपण घेऊन. यावर त्या ‘तू सांग, मी सांगणार नाही’ इतक्या तडजोडीला आल्या आहेत. आता प्रश्न उरतो तो शेजारणींचा. त्या पुन्हा येणार आणि पुन्हा सब्राचे धडे देणार. वयाने मोठ्या असल्याने मी त्यांना उलट बोलू शकत नाही.

हबीब_दापोली
त्यांना आजाऱ्याला भेटण्याचे अदब (शिष्टाचार) सांगता येतील, बेटी. ते ऐकायला कोणी नाराज होत नाही. पैगंबर (स.) आजाऱ्याकडे जात तेव्हा ‘हरकत नाही, अल्लाहने इच्छिले तर हे शुद्ध करणारे आहे’ असे म्हणत आणि दुवा करीत. एकदा ते एका वृद्ध वाळवंटी अरबाला भेटायला गेले आणि हेच म्हणाले. तो वैतागून म्हणाला, ‘शुद्ध करणारे कसले! हा म्हाताऱ्याच्या अंगात उकळणारा ताप आहे, कबरीत नेऊन ठेवणारा.’ पैगंबर (स.) एवढेच म्हणाले, ‘बरे तर, तसे.’ सब्रावर व्याख्यान दिल्याचा त्यात उल्लेख नाही.

तर्कटराव
या संपूर्ण धाग्यात मला मनापासून पटलेला माणूस म्हणजे हा अरब.

मिरजकर
तो पटणार हे अपेक्षितच होते. मात्र त्याचा आशावाद फारसा अनुकरणीय नाही, हे नमूद करावेसे वाटते. सायमा, अदबांमध्ये आणखी एक गोष्ट सर्व विद्वान सांगतात: आजाऱ्याजवळ फार वेळ बसू नये. शेजारणींना हे अवश्य वाचून दाखवावे, आणि शक्यतो त्या आल्या आल्याच.

अडाणी_प्रश्न
मिरजकरांच्या या शेवटच्या मुद्द्यावर सर्व धर्मांचे एकमत घडवून आणण्यासाठी मी वेगळा धागा काढतो आहे. आजोबांच्या वॉर्डात आमच्या आत्या सव्वादोन तास बसल्या होत्या.